रादोची सही

प्रिय पोलोना,

तुझं पाकीट मिळालं. हिमालय मोहिमेच्या कार्डांच्या प्रती चष्मा पुसपुसून पाहिल्या. नेपाळचं टपाल तिकीट, मोहिमेचा गोल शिक्का, खाली सगळ्या गिर्यारोहकांच्या सह्या आणि त्यांत तुझ्या बाबाची. तू लिहितेस, "आई, बाबाचा हात लागलेलं माझ्याकडे एवढंच आहे." ते वाचलं आणि मी बसूनच राहिले. तशी मी थकलेलीच असते म्हणा. परवा बटाटे लावले तर अजून कंबर सरळ होत नाही. पण हा थकवा कमरेतला नाही.

मेलेला नवरा सांभाळणं फार दमवतं गं. जिवंत असता तर भांडून तरी मोकळी झाले असते. इतकी वर्षं झाली, तरी संग्राहकांचे फोन येतात, जुनं काही आहे का म्हणून. तो उर्बास, काम्निकच्या बाजारात जुनी टपाली पाकिटं विकतो तो, मला भर बाजारात म्हणाला, "बाई, रादो परत आला असता तर या कार्डांना कुत्रं विचारत नव्हतं!" मेल्याच्या जिभेला हाड नाही. आणि तू त्याच्याकडूनच घेतेस, पदरमोड करून.

तुझा बाबा डोंगरावर वाघ होता, कागदासमोर शेळी. मोहिमेसाठी गावोगाव वर्गणी काढली होती. देणाऱ्याला काठमांडूहून सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड जायचं. सह्या मात्र निघण्याआधी इथेच उरकायच्या, म्हणून कार्डांची खोकी एका घरातून दुसऱ्या घरात फिरायची. आमच्याकडे आली तेव्हा रादोने मूठभर सह्या केल्या आणि पेन टाकलं. "मेता, तूच कर बाई. यापेक्षा कडा चढणं सोपं." आणि गेला अंगणात, बुटांना मेण चोळायला. मोहिमेतल्याच व्हिंकोच्या बायकोने तर नवऱ्याची सगळी खोकी एकटीने संपवली होती. सगळ्याच घरी हे चालायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. बाकीच्या सह्या मी केल्या, एकीकडे सूप ढवळत.

तू जन्मलीस तेव्हा तो वाटेत होता. शरदात तो गेल्याचं कळलं, आणि त्यानंतर कार्डं घरोघर पोचली. वर्गणी दिलेल्या, कारखान्यातल्या बायका कार्ड छातीशी धरून माझ्याकडे रडायला यायच्या. त्यांना मी काय सांगणार? त्यांच्यासाठी कॉफी ठेवायची. त्याचा देहही तिकडेच राहिला, तेव्हा लोकांना धरायला काहीतरी हवं होतं. मलाही हवं होतं गं, पण माझ्यापुरतं त्या कार्डांत काहीच नव्हतं.

आणि आता बाबाच्या स्मारकाच्या शिळेवर कोरायला तू त्या कार्डांतली नेमकी ती वाकडी सही निवडलीस. सोमवारी पाथरवट छिन्नी घेणार, म्हणून आज लिहितेय. उर्बासने तुला सांगितलं, बर्फातल्या तळावर हात थरथरत असताना केलेली, फार दुर्मीळ. कसलं बर्फ! जून होता, चुलीपाशी मी घामाने निथळत होते. मला आठवा महिना, टेबलाची कड पोटाला लागलेली. तू आतून लाथ मारलीस की पेन उडायचं. रादोने दारातून ते पाहिलं आणि इतका हसला की हातातला बूट पडला. म्हणाला, "पोर आत्तापासून माझ्या सह्या करतंय, मी सुटलो!" त्याच्या हातच्या सह्या कुणाकडे गेल्या मला ठाऊक नाही, पोरी. तुझ्याकडे आहे ती आपल्या दोघींची. कोरायची की नाही ते तू ठरव, पण पाथरवटाला ती बाबाची म्हणून देऊ नकोस.

थकलेली, पण तुझीच,
आई