चौघांची आमटी, लग्नाचं पातेलं

सोलापूर,
बुधवार, सकाळ

प्रिय गुरुराज,

खरं तर 'चिरंजीव गुरुराज' असं लिहायला हवं. आजवर तसंच लिहीत आलो. पण चिरंजीव हा आशीर्वाद आहे, आणि आज माझ्या हातून आशीर्वाद उतरत नाही. 'प्रिय' लिहायला काही लागत नाही, विजेच्या बिलावरसुद्धा 'प्रिय ग्राहक' असतं. लिंगपूजा झाली की माझा राग निम्मा होतो हे मला ठाऊक आहे, म्हणून अंघोळीआधीच लिहायला बसलोय. तुझी मामी दोनदा डोकावून गेली. रविवारी साखरपुडा, तुझी आई, आमची राजेश्वरीअक्का, मैंदर्गीहून साखर घेऊन यायची, पाहुण्यांना सांगून झालेलं, आणि हा माणूस पारोसा बसून काय खरडतोय, असं तिच्या चेहऱ्यावर आहे. तिला अजून काही बोललो नाही. फोन केला नाही, कारण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणत असतोस आणि मागं तुझ्या बोटांची टकटक चालू असते. कागदाला तुला 'हो मामा' म्हणता येणार नाही.

आधी सोमवारच्या बैठकीचं. आमच्या रुग्णालयाचं काम तू विश्वस्तांना दोन वाक्यांत सांगून टाकलंस, मी सावकाश सांगतो. चार प्रोग्रॅम आहेत: केसपेपर, बिलं, औषधांचं दुकान आणि लॅब. चारही जावा भाषेतले. असे प्रोग्रॅम आपले आपण चालत नाहीत, त्यांना पोटात घेऊन चालवणारा सर्व्हर लागतो. आजवरचा विकतचा होता. विश्वस्तांनी ठरवलं की आता खुला, बिनपरवान्याचा घ्यायचा, पण कोणता, ते नीट पारखून. आमचे अध्यक्ष चनबसप्पाअण्णा सुताचे व्यापारी, ते मला म्हणाले, "शिवपुत्र, मराठीत लिहून आणा. आमाला कळंल असं." शिवाय सल्ल्याला बाहेरचा एक जाणकार असावा म्हणून त्यांनी नाव विचारलं, तेव्हा मी तुझं दिलं. माझा भाचा पुण्यात हेच काम करतो, हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा. अण्णा गालात हसले होते.

अहवाल तयार झाला, तुला आठ दिवस आधी पाठवला, आणि सोमवारी तू आलास. सकाळपासून मला 'सर' म्हणत होतास. ठीकच होतं, कामाची जागा. 'मामा' हा शब्द तू एकदाच बाहेर काढलास, आणि कशासाठी काढलास ते मी विसरणार नाही. अहवालाचं पहिलं पान उचललंस. त्यात लिहिलं होतं की तीन प्रोग्रॅम हलके आहेत, त्यांना टॉमकॅट हा छोटा सर्व्हर पुरे होईल, चौघांच्या आमटीसाठी लग्नाचं पातेलं चढवू नये. ते वाक्य तू मोठ्यानं वाचलंस, सगळ्यांकडं एकदा बघितलंस आणि म्हणालास, "मामा, हे सर्व्हरवर लिहिलंय का आमटीवर? मामीकडनं लिहून घेतलं का काय?" हसले सगळे. हशा मिळाला की माणसाला थांबवत नाही. पुढं म्हणालास, "ज्यांनी कुणी लिहिलंय त्यांना स्वयंपाकघरातच राहू दे. सर्व्हर आमच्यावर सोडा." अण्णांना तर डोळे पुसावे लागले. मी पाणी प्यायलो.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तू म्हणशील मामाला हार पचली नाही. चारही प्रोग्रॅम वाइल्डफ्लाय या मोठ्या सर्व्हरवर न्यावेत असं तू सांगितलंस, विश्वस्तांनी ते मान्य केलं, आणि मीही काल सही केली. तुझा सर्व्हर वाईट नाही. त्यात सगळं आहे. दोन वेगळे सर्व्हर सांभाळले तर डागडुजीही दोनदा, हा तुझा मुद्दा खरा आहे. सगळं एकाच ठिकाणी असलं आणि ते बंद पडून बसलं, तर केसपेपरच्या खिडकीपासून लॅबपर्यंत सगळंच बसेल, हा अहवालातला मुद्दाही खरा आहे. शहाण्या माणसांची यावर दोन मतं होऊ शकतात. ती तशी व्हावीत म्हणूनच तुला बोलावलं होतं. तू मत दिलं असतंस आणि ते उलटं असतं, तर मी तुला स्टेशनवर सोडायला आलो असतो आणि वाटेत शेंगाचटणीचा पुडा घेऊन दिला असता.

पण तू मत दिलं नाहीस, नक्कल केलीस. आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून संध्याकाळी माझ्या घरी जेवायला बसून तीच नक्कल पुन्हा केलीस.

ते जेवण तुला आठवत असेल, चवीनं जेवलास. येताच माझ्या शिवानीला म्हणालास, "काय, अजून त्या ट्यूशन घेतेस का?" ती "हं" म्हणाली. ती तंत्रनिकेतनात शिकवते, गुरुराज. दोन वर्षं झाली. एमसीएला तिचा विद्यापीठात दुसरा नंबर आला, तेव्हा अक्कानं मैंदर्गीत पेढे वाटले होते. एक पेढा तुझ्या तोंडातही गेला असणार. पण कशाचा होता, हे तू विचारलं नसशील.

मग भाकरी मोडता मोडता तू आमटीचा किस्सा काढलास. हातवारे करून, कुठल्याशा म्हातारीचा आवाज काढून. मामी हसली, तिला काही ठाऊक नव्हतं. शिवानी आमटी वाढायला उभी होती, तिनं शांतपणे विचारलं, "आणि लॅबचं काय करायचं म्हटलंय त्यात?" तू म्हणालास, "कुणास ठाऊक! शेवटपर्यंत कोण वाचतंय? पहिल्या पानावरच कळलं, लिहिणारं काय लायकीचं आहे ते." ती म्हणाली, "आणखी आमटी वाढू?" तू ताट पुढं केलंस. "वाढ की. मस्त झालीय."

आता कळलं असेल. नसेल तर अक्षरात लिहितो. तो अहवाल शिवानीनं लिहिला होता.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या माडीवरच्या खोलीत जुना संगणक लावून तिनं टॉमकॅट, जेट्टी, वाइल्डफ्लाय एकेक करून चढवले. रुग्णालयाचे प्रोग्रॅमच तिथं आणले, पेशंटची नावं मात्र खोटी घातली. मुद्दाम बंद पाडायची आणि पुन्हा उठायला किती वेळ लागतो ते बघायची. लॅबचा प्रोग्रॅम टॉमकॅटवर काही केल्या उठेना, त्या दिवशी ती जेवायला खाली आली नाही. मी वर गेलो तर म्हणाली, "अप्पा, याला रांग लागते. मशीनकडनं आलेले निकाल एकामागून एक सोडणारी. ती टॉमकॅटमध्ये नसतेच." चेहऱ्यावर असा आनंद, जणू देवळाचं दार उघडलं. शेवटच्या पानावर तिनं तेच लिहिलं होतं. लॅब वाइल्डफ्लायवरच न्यावी, घरात लग्न असेल तर पातेलीत भागवूही नये. म्हणजे ज्या सर्व्हरसाठी तू तासभर भांडलास, त्याची शिफारस लॅबसाठी तिनं आधीच करून ठेवली होती. तू ज्याच्याशी भांडत होतास असं कुणी नव्हतंच तिथं.

तिचं नाव त्यावर का नव्हतं, असं तू विचारशील. निदान विचारावंस. मी घालणार होतो. ती म्हणाली, "नको. नाव असलं तर ते भिडेखातर चांगलं म्हणतील. बिननावाचंच वाचू दे. मग काय म्हणतात ते मला खरं कळेल." बैठकीत काय झालं ते लगेच ऐकता यावं म्हणून सोमवारी दुपारी तिनं रजा काढली होती, हे मला मागाहून मामीकडून समजलं. आपण देवाला नैवेद्य दाखवतो तो त्यानं जेवावा म्हणून नव्हे, बघावा म्हणून. तिचं मागणं तेवढंच होतं. तू चूक काढली असतीस तर ती रात्रीतून वर जाऊन दुरुस्त करून आली असती, आणि तुझ्यावर जास्तच खूश झाली असती. तेवढी मी तिला ओळखतो.

दोन दिवस मी यावर विचार करतोय. तू वाईट मुलगा नाहीस. लहानपणी शनिवारी रुग्णालयात माझ्याशेजारी बसून संगणक शिकलास, तेव्हा प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायचास, मी दमून जायचो. ते 'का' कुठं गेलं? पुण्याला दोष देणार होतो, पण पुण्यात पुष्कळ माणसं नीट वाचतात. मग लक्षात आलं, यात आमच्या रीतीचाही हात आहे. शिवानी जन्मली तेव्हाच अक्कानं बारशात सांगून टाकलं, "ही माझी सून." आत्याचा मुलगा, मामाची मुलगी, ठरलंच. आमच्याकडं मुलगी बघायला परके पाहुणे आले असते, तर पोह्यांच्या बश्या हातात धरून का होईना, त्यांनी विचारलं असतं, काय शिकलीस, काय करतेस, पुढं काय करायचंय. गेल्या वर्षी मीच अक्काला म्हणालो, एकदा रीतसर बघण्याचा कार्यक्रम करू. ती म्हणाली, "तुला खुळ लागलंय का शिवपुत्रा? पोरगी घरचीच हाय की. बगायचं काय तिच्यात?" घरचीच म्हणून कुणी बघितलं नाही. परक्याच्या वाट्याला जो एक प्रश्न येतो, तोही तिच्या वाट्याला आला नाही. तुझ्याकडून तर नाहीच. पंचवीस वर्षं तू या घरात येतोस, जेवतोस, आणि तुझ्या होणाऱ्या बायकोबद्दल तुला एवढंच ठाऊक आहे की तिची आमटी मस्त होते. आणि तेही चूक. आमटी मामीनं केली होती.

हे वाचून तू लगेच गाडी पकडून येशील, माफी मागशील, शिवानीचं तोंड भरून कौतुक करशील. तसं करू नकोस. आता तुला नाव कळलंय. आता केलेलं कौतुक तिच्या कामाचं नसेल, आणि ती ते एका क्षणात ओळखेल. तिची समजूत घालायला मीही गेलो होतो. सोमवारी तू गेल्यावर म्हणालो, पुरुषांच्या बैठकीत होते चेष्टा, मनाला लावून घेऊ नये. ती म्हणाली, "अप्पा, चेष्टेचं काही नाही. त्यांनी वाचलं नाही." बस्स, एवढंच. त्यावर तुझ्याकडं काही उत्तर आहे का?

काल सकाळी ती कामावर निघताना दारात थांबली. चप्पल घालता घालता, पाठमोरीच म्हणाली, "अप्पा, गुरुराजदादाला कळवा, रविवारचं राहू दे म्हणावं." आपल्यात मामाच्या मुलीनं आत्याच्या मुलाला दादा म्हणायचं नसतं, तुला ठाऊक आहे. तीन वर्षांची असताना तिनं तुला एकदा तशी हाक मारली, तर अक्कानं तिच्या ओठांवर बोट ठेवलं होतं, "दादा न्हाय म्हनायचं बाळ त्याला." तेव्हापासून तिनं तुला कशानंच हाक मारली नाही. 'ते', 'त्यांना', बस. बावीस वर्षं ती हाक तोंडात धरून बसली होती, आणि काल इतक्या सहज बोलून गेली की मला वाटलं, कुणीतरी अंगावरचं ओझं खाली ठेवलं. मी तिला थांबवलं नाही. विचारलंही नाही, पुन्हा विचार करतेस का म्हणून. तिनं विचार करूनच शब्द निवडला होता.

तेव्हा हे पत्र यासाठी. आज कुरिअरनं टाकतोय, उद्या तुझ्या हातात पडेल. रविवारी येऊ नका. पाहुण्यांना मी सांगतो, मामीला मी सांगतो, अण्णांना काय सांगायचं तेही माझं मी बघतो. मैंदर्गीला मात्र तू स्वतः जा आणि तुझ्या आईला तू सांग. अक्का आधी विचारेल, कुणी मोडलं? तुला वाटेल, मामानं मोडलं म्हणावं, ते सोपं आहे. खरंच सोपं आहे. आई गेल्यावर तिनं मला कडेवर वागवलंय, माझ्यावर ती वर्षभर रुसेल, आणि पंचमीला माहेर आठवलं की पिशवी घेऊन येईल. भावावरचा राग पंचमीपलीकडं टिकत नाही. भाचीनं नाही म्हटलं असं कळलं, तर ती पंचमी येईल की नाही, मला सांगता येत नाही. कदाचित पुढचीही नाही. मला एकच बहीण आहे, गुरुराज. तरी तू तिला सांग, शिवानीनं नाही म्हटलं. का म्हटलं, तेही सांग.

तुझा मामा, आणि आता मामाच,
शिवपुत्र