बिनतारी कडी

मानवत, २ मे १९८९
आजपासून पुढच्या खोलीच्या दाराला विजेची कडी. हातातल्या डबीचं बटण दाबलं की दार लागेल, पुन्हा दाबलं की उघडेल. मधे वायर नाही. मनकर्णा म्हणाली, "साध्या कडीनं काय बिघडलंय?" बायको आहे, इंजिनियर नाही. दोष देत नाही.

५ मे
ओट्यावरून दार उघडलं. रस्त्यापलीकडून नाही. हवा कोरडी, म्हणून रेंज कमी. दिवाळीपर्यंत ऑफिसातून उघडणार.

९ मे
झरीहून सासूबाई आल्या. दमा आहे. दार आपोआप लागलेलं पाहून दचकल्या. "जावईबापू, आत माणूस असलं तर?" म्हणालो, यंत्राला सगळं कळतं. तेवढं अजून कळत नाही, पण कळेल.

१२ मे, सकाळ
नवी स्प्रिंग. लाईट गेली की दार स्वतःहून बंद. चोरांना अंधारच लागतो. आतली जुनी कडी काढली. यंत्रावर विश्वास हवा.

१२ मे, संध्याकाळ
दुपारी लाईट गेली, दार लागलं. आत सासूबाई एकट्या झोपलेल्या. मनकर्णा शेजारी पापड लाटायला गेलेली. मला ऑफिसातून बोलावलं. बटण दाबत राहिलो. विजेशिवाय कडी सुटत नाही, हे तत्त्वतः ठाऊक होतं. वर पत्रे, खोलीला खिडकी नाही. आधी आतून दार वाजत होतं. मग नुसती घरघर. मग तीही थांबली. मनकर्णा दाराला कान लावून "आई, बोल की" म्हणायली. मी म्हणालो, लाईट येईलच. शेजारच्या आश्रुबांनी पहार आणली, चौकटीसकट दार पाडलं. सासूबाई उंबऱ्याशी पडलेल्या. ओठ निळे. दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय. अजून शुद्ध नाही.

१३ मे
शुद्धीवर आल्या. म्हणजे धोका लोक म्हणतात तेवढा नव्हता. आश्रुबांनी जरा घाईच केली. दार चांगलं सागवानी होतं.

१६ मे
मनकर्णा आईला घेऊन झरीला गेली. जाताना माझ्याकडे पाठ करून गाडीत बसली. थकली असेल. आता प्रयोगाला निवांतपणा.

२८ मे
झरीला गेलो. कडीला बॅटरी जोडायचं ठरवलंय, ते सांगायचं होतं. सासूबाई खोलीत बाजेवर होत्या. मी आत शिरताच उठल्या, भिंत धरत धरत अंगणात गेल्या. भर दुपारी उन्हात बसल्या.
मनकर्णा म्हणाली, "आईला आता दार सोसंना. कवाडच काढून ठेवलंय. तुमी आत हाव तवर ती यायची न्हाई."
हवेसाठी बसल्या असतील. यंदा उकाडा आहेच.