पाचवा आणि शेवटचा बदल

मी, खाली सही करणारी, निवृत्त शिवणशिक्षिका, वय वर्षे चौऱ्याहत्तर, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि अजूनही चष्म्याशिवाय सुई ओवता येत असताना, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधीचं मृत्युपत्र रागाच्या भरात लिहिलं होतं. ते रद्द समजावं.

१. राहतं घर मुलगा आणि लेक यांना समसमान. भांडायचंच असेल तर दारं-खिडक्या लावून भांडावं.

२. शिलाई मशीन सुनेला. तिची शिवण वाकडी जाते, पण ती कपाळाला आठी न घालता उसवते. हा गुण शिकवून येत नाही.

३. संगणक, त्यातल्या दोन्ही डीव्हीडी ड्राइव्हसह, लेकीला. दोन का, ते इथे नोंदवणं मला आवश्यक वाटतं.

माझी थोरली बहीण ठरलेलं लग्न मोडून परदेशी गेली. बाबांनी त्यानंतर चाळीस वर्षं तिचं नाव घेतलं नाही. माझे दीर, म्हणजे भाऊजी, चारचौघांत म्हणायचे, "तिकडे भांडी घासत असेल." बारा वर्षांपूर्वी ताईने टपालाने एका चित्रपटाची डिस्क पाठवली. सोबत चिठ्ठी: 'शेवटची नावं बघ.'

डिस्क लावली, तर पडद्यावर पाटी आली: ही डिस्क दुसऱ्या विभागाची आहे. विकणाऱ्यांनी म्हणे जगाचे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. ड्राइव्हचा क्रमांक पाचच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो लावाल तो कायमचा. त्यातले चार बदल भाऊजींनी मोटारशर्यतींच्या डिस्का बघण्यासाठी, मला न विचारता, उधळले होते.

उरला एक. तो केला, तर माझ्या यजमानांनी हौसेने जमवलेली नाटकं त्या ड्राइव्हवर कायमची बंद. माझा हात माउसवर थांबला.

हे म्हणाले, "दाब."

"आणि तुमची नाटकं?"

"तोंडपाठ आहेत मला. दाब म्हणतो ना."

मी दाबलं.

चित्रपट आधी मी एकटीने पाहिला. मग रविवारी बाबांना आणि भाऊजींना मुद्दाम बोलावून पुन्हा लावला. चित्रपट संपला तसे भाऊजी उठू लागले. "बसा," मी म्हटलं. नावं सरकू लागली. वेशभूषा, शिवणविभाग प्रमुख. बाबा म्हणाले, "थांबव." ते उठून पडद्यापाशी गेले आणि त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"आपलंच आडनाव लावते अजून," ते म्हणाले.

भाऊजींनी पाणी मागितलं. मी दिलं नाही. याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पुढे दुसरा ड्राइव्ह आणायला गेले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "बसवायला घरातलं कोणी माणूस आहे का?" मी विचारलं, "मी काय भूत आहे?" संगणकाच्या पेटीचा पत्रा मी स्वतः उघडला, दोन तारा जोडल्या, चार स्क्रू पिळले आणि इकडचा क्रमांक लावला. वय बासष्ट होतं. यजमानांनी त्यावर शेवटपर्यंत आपली नाटकं पाहिली आणि येईल त्या पाहुण्याला सांगितलं, "हे हिने बसवलंय."

लेकीने वरच्या, म्हणजे ताईच्या डिस्कसाठी बदललेल्या, ड्राइव्हचा क्रमांक बदलायचा प्रयत्न करू नये. तो बदलत नाही, आणि बदलायचं कारणही नाही.

४. भाऊजींना त्यांच्या शर्यतींच्या डिस्का परत. माफी मी मनातून दिली आहे. लेखी देणार नाही.

५. ताईला या मृत्युपत्राने काहीही देत नाही. तिला द्यायचं होतं ते माझ्याकडे नव्हतंच. त्या रविवारी मी तिला फोन लावला आणि बाबांच्या हाती दिला. मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

हे सर्व मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं.

सही: शिवणाच्या बाई

साक्षीदार १: शेजारच्या निवृत्त परिचारिका
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे चावीवाले (ऐकताना दोनदा नाक पुसलं)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च, सकाळी दहा