पुस्तक उघडलंच नाही

भामरागड,
१४ जून १९५४

ती. मुखरूभाऊस,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र घेऊन येणारा लच्छू, आणि सोबत त्याची मुलगी सुकरी. नदी भरली की इथून कोणी हलत नाही, म्हणून आताच पाठवते. सुकरी माझ्या शाळेतून चौथी पास झाली. या गावातली ती पहिलीच मुलगी. तुझ्या मिडल शाळेत तिला पाचवीत घाल. राहील आईजवळ.

पहिलीत आली तेव्हा तिला मराठी कळत नव्हतं. पुस्तकात ‘य यज्ञाचा’ होता. यज्ञ तिनं कुठं पाहिला? मी शिकवलं ‘य येरचा’. येर म्हणजे यांच्या बोलीत पाणी. मग अक्षरं कशी झरझर आली! पाचवीपासून तुमच्याकडे इंग्रजी, आणि तिकडची मुलं घरूनच एबीसीडी घोकून येतात, म्हणून तीही करून घेतली. ‘कॅट’, ‘रॅट’ वाचून झाल्यावर मला विचारते, वाघाले काय म्हन्ते?

आईचा गुडघा कसा आहे ते कळव. माझ्यावर माया आहेच, ती या पोरीवरही असू दे.

तुझी,
इंदू

वैनपूर,
८ जुलै १९५४

चि. इंदूस,
भाऊचे अनेक आशीर्वाद.

लच्छू आणि सुकरी सुखरूप पोचली होती. आईनं पोरीची तेल-वेणी केली, पोटभर जेवू घातलं. गुडघा तसाच आहे. तुझ्यासाठी लोणचं घातलं आहे. तिकडचा एखादा वाघ टपालखात्यात लागला की पाठवू.

प्रवेशाचं मात्र जमलं नाही. हेडमास्तरांनी परीक्षा घेतली, पण पोर एक शब्द बोलली नाही. ‘अक्षरओळख नाही’ असा शेरा पडला. जंगलातली मुलं चार दिवसांत पळून जातात असं त्यांचं म्हणणं, आणि तेही अगदीच खोटं नाही. तू मेहनत घेतलीस हे मला ठाऊक आहे. मनाला लावून घेऊ नकोस. माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे, एवढं ध्यानात घे.

पावसात तब्येतीला जप.

तुझा भाऊ,
मुखरू

भामरागड,
१९ जुलै १९५४

ती. भाऊस,
नमस्कार. यापेक्षा मोठा मायना आज सुचत नाही.

लच्छू भर पावसात पोरीला घेऊन परत आला. सुकरी घरात शिरली ती शाळेकडे फिरकलीच नाही. शेवटी मीच गेले, तेव्हा लच्छू म्हणाला, बाई, मास्तरनं पुस्तक उघडलंच नाई जी. पोरीले बाकावर उभी केली अन् तिच्या हातावरचं गोंदण पोट्ट्यायले दाखवलं. मोहाची दारू कशी काढतेत ते सांग म्हने. पोट्टे हासले. तुमचे भाऊ तिथीच उभे होते.

तिथीच उभे होते! भाऊ, ही परीक्षा? ‘अक्षरओळख नाही’ असं लिहिणाऱ्यानं तिच्यापुढं एक तरी अक्षर ठेवलं का? तुला लहानपणी असं बाकावर चढवून आपल्या घरावर हसले असते, तर तू कोणता धडा वाचून दाखवला असतास? आणि वर ‘अगदीच खोटं नाही’, हे माझ्या सख्ख्या भावाच्या हातचं! ती पळून गेली नाही. तुम्ही तिला हाकललंत.

इथल्या बाया विचारतात, आता पोरायले शाळेत काऊन धाडाचं? सांग, काय उत्तर देऊ?

तुझी नोकरी कायम होवो. हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. एक ओळ गाळू नकोस.

इंदू

भामरागड,
६ ऑगस्ट १९५४

ती. आईस,
इंदूचा शि. सा. नमस्कार.

भाऊ परवा येऊन पोचला. आलापल्लीपर्यंत लाकडाच्या ट्रकवर, पुढं चिखलातून पायी, शेवटी डोंग्यानं नदी ओलांडून. अंगात ताप होता. तू त्याला काय म्हणालीस हे त्यानं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की आईनं ताट वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही.

हेडमास्तरांना त्यानं तोंडावर सांगितलं की पोरीची परीक्षा झालीच नाही, आणि हे मी वर कळवणार. तेव्हा ते नरमले. प्रवेश मिळाला आहे. पण तिमाहीत ती नापास झाली तर भाऊची दूर सिरोंच्याला बदली, अशी तंबीही मिळाली आहे.

इथं मी सुकरीला माझ्या शाळेत बोलावून आणलं. भाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि पुस्तक तिच्यापुढं धरलं. तिनं हात लावला नाही. त्याला म्हणाली, तवा काऊन नाई देल्लं? भाऊनं पुस्तक खाली ठेवलं. मग म्हणाला की मी भ्यालो होतो. त्यावर सुकरी म्हणाली, मी बी भेली होती. पन मी लहान आहो. तुमाले तं बोलता येत होतं.

आई, माझा राग गेलेला नाही. त्या हेडमास्तरांवरचा तर मुळीच गेला नाही. पण भाऊ उठून गेला नाही. खाली मान घालून ऐकत बसला, तेव्हा मला तो पुन्हा आपला वाटला.

सुकरीनं त्याला काही वाचून दाखवलं नाही. वाचीन तं तिथीच वाचीन म्हणते, त्याच बाकाजवळ, साऱ्यायसमोर. लच्छू नको म्हणत होता. तिनंच त्याला राजी केलं.

ती भाऊसोबत येते आहे, तिला जवळ ठेव. आल्यागेल्याला जंगलातली पोर म्हणून दाखवू नकोस. गोंदण तुझ्याही हातावर आहे. ती तिथं शिकायला आली आहे, दया घ्यायला नाही.

हे पत्र मी भाऊजवळ दिलं नाही, सुकरीजवळ दिलं आहे. आता तुला तीच वाचून दाखवते आहे. मध्ये बोलू नकोस, तिला शेवटपर्यंत वाचू दे.

तुझी लेक,
इंदू