वाटीतली मुंगी

आई, तुमची नात बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे, टिटवाळ्याला. मुलगी झाली. मी, तुमची सून, जेमतेम चौथी शिकलेली, माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हालाच लिहिते. मागच्या आठवड्यात बाळ छातीला लावलं की ओढायचं, सोडायचं आणि रडायचं. तोंडात बघितलं तर जिभेवर, गालांच्या आतून सगळं पांढरं. पोरगी म्हणाली, दूध राहिलं असेल गं. मी उकळलेल्या पाण्यात भिजवलेलं फडकं बोटाला गुंडाळून पुसायला गेले. निघेना. जरा जोर लावला तर खाली लालभडक. असं तोंड मी आधी बघितलेलं आहे.

ठाकुर्लीच्या चाळीत हीच पोरगी एवढीशी असताना असंच झालेलं. तुम्ही तिला दारात उजेडाला नेलंत, तोंड उघडून बघितलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हिचं दूध नासतंय. पोरीच्या तोंडात फाटून बसलंय." मग शेजारच्या काकूंनी सुचवलं म्हणून मला वाटीत दूध काढायला लावलंत आणि त्यात मुंगी सोडलीत. बायका वाकून बघत होत्या. मुंगी मेली, म्हणजे दूध वाईट ठरलं. अहो, मुंगी कुठल्याही दुधात बुडून मरते, चहाच्या दुधात नाही का मरत? हे तेव्हाच म्हणायला हवं होतं मी. तुम्ही माझ्या छातीला पंचा आवळून बांधलात. पोर तुमच्या मांडीवर बोंडल्यानं पावडरचं दूध पितेय आणि मी मोरीत उभी राहून माझं दूध पिळून टाकतेय. तुम्ही छळलंत असं मी म्हणत नाही. बोंडलं उकळल्याशिवाय तुम्ही कधी तिच्या ओठाला लावलं नाहीत. तिला जपलंत. पण त्यानंतर चाळीत कुणी बाळंत झाली की मला आत बोलवत नसत.

तोंड बघितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाळाला कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाल्या, बुरशी आहे, तान्ह्या बाळांना होते. बाळाच्या तोंडात लावायला थेंब दिले, पोरीच्या छातीला मलम दिलं, कारण ती बाळाकडून आईला आणि आईकडून परत बाळाला लागते. मध चाटवू नका, अंगावर पाजणं चालू ठेवा. मी विचारलं, दूध वाईट नाही ना? त्या म्हणाल्या, "दुधाचा काही दोष नाही, आजी." मी परत विचारलं. परत तेच. आणखी एकदा विचारायला गेले तेव्हा पोरीनं कोपर मारलं. "मम्मी, सांगितलं ना त्यांनी."

घरी येऊन यांना सांगायला गेले की तेव्हाही बुरशीच होती. हे म्हणाले, कधी गं? यांना काही आठवत नाही. काकू गेल्या, चाळ पाडली. पोरीला सांगितलं तर ती तुम्हाला नावं ठेवेल, ते मला नको. माझं दूध चांगलं होतं हे सांगावं असं माणूस एक तुम्हीच होतात.

तुम्हीही गेलात, आता हा कागद कुठे पाठवणार? चुलीही राहिल्या नाहीत, नाहीतर जाळला असता. बाळाचं तोंड आता स्वच्छ आहे, मचमच आवाज करत पितं. पोरगी पाजायला बसली की मी चाळीतल्या सवयीनं उठून स्वयंपाकघरात जाते. तिला वाटतं, मम्मीला कामाशिवाय करमत नाही.