पाचपैकी पाच

बाबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मी अजून कुणाच्या घरात शिरले की माणसांच्या आधी वस्तूंकडे पाहते. अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत नवीन कुणी कामाला लागलं की मी पहिला नियम हाच सांगते: म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती तपासायला त्याच्या घरी गेलात, तर शब्द सांगण्याआधी खोली नीट पाहून घ्या, आणि उत्तर विचारण्याआधी पुन्हा पाहा. सगळे वहीत लिहून घेतात आणि बाहेर जाऊन हसतात. मॅडम फार संशयी आहेत, असं ते म्हणतात हे माझ्या कानावर आलेलं आहे. परवा धामणगावजवळच्या एका गावाहून परतताना एका विद्यार्थिनीने गाडीत विचारलंच, की हा नियम कोणत्या पुस्तकात आहे. अनुभवातून आलाय, असं मी म्हटलं. तिला ते पटलं नाही हे मला दिसलं, आणि तिचं बरोबर होतं.

माझं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही, की कळूनही तुम्ही न कळल्यासारखं केलंत, हे मी आजही सांगू शकत नाही. म्हातारपणी डोक्यात काय टिकतं, काय गळतं, आणि जे टिकतं त्यावर आनंदाचा, रागाचा, भीतीचा हात कसा फिरलेला असतो, हे मी शोधते. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "म्हाताऱ्यायले प्रश्न इचारते, दुसरं काय." पाहुणे हसायचे. मी आत चहा गाळत असायचे आणि मला राग यायचा.

आई गेल्यावर तुम्ही अकोल्याच्या घरात एकटे राहिलात. दादा पुण्याला, मी अमरावतीला. दूध दोनदा उतू गेलं, एकदा नळ चालू ठेवून तुम्ही बाजारात गेलात. मग तुम्हाला भाऊ म्हणणाऱ्या शेजारच्या काकूंचा फोन आला. "बाई, भाऊ काल माह्या दारात येऊन उभे राह्यले. म्हने, आमचं घर कोनतं?" आणि लगेच म्हणाल्या, उन्हानं झालं असंल. मला काकूंचाच संशय आला. तुमचं करण्याची पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून त्या वाढवून सांगत आहेत, असं मी दादाला म्हटलं. तरी आम्ही एक ठरवलं. दर रविवारी मी अकोल्याला यायचं, तुम्हाला पाच शब्द सांगायचे, अर्ध्या तासाने विचारायचे. एक जरी शब्द चुकला, तरी तुम्हाला माझ्या घरी आणायचं. हा काही शास्त्रीय निकष नव्हता. दोन भावंडांनी फोनवर केलेला करार होता, आणि निकाल मी एकटीने सांगायचा होता.

शब्दांच्या याद्या माझ्याच होत्या. बाहेरून आलेल्या चाचण्यांमध्ये पियानो आणि जहाज असे शब्द असतात. आमच्या माणसांनी कधी हात न लावलेल्या वस्तू त्यांनी लक्षात का ठेवाव्यात, असं भांडून मी वऱ्हाडातल्या कुठल्याही घरात सापडतील अशाच वस्तू निवडल्या होत्या. संत्रं, घंटी, दोरी, आरसा, सूप. या याद्यांचं कौतुक झालं होतं आणि मला त्यांचा गर्व होता. घरात सापडणाऱ्या वस्तू. यात घोळ कुठे आहे हे इतक्या शिकलेल्या माणसांत एकालाही दिसलं नाही, ते तुम्हाला पहिल्या रविवारी दिसलं.

मी चहा करता करता सहज बोलल्यासारखे शब्द सांगायचे. तुम्ही एकदा पुटपुटायचात, मग "तू चा घे, मी आलोच" म्हणून घरभर फिरायचात. अर्ध्या तासाने पाचही शब्द बरोबर. मी दादाला कळवायचे: पाचपैकी पाच. तिसऱ्या रविवारी मी बैठकीत आले तर टीव्हीवर दोरी होती. खिडकीच्या कठड्यावर संत्रं, खुर्चीत आरसा, पेपरवर देवातली घंटी, आणि सूप दाराला टेकवून उभं. तुम्ही पलंगावर बसून दारापासून सुरुवात केलीत आणि एकेका वस्तूवरून नजर फिरवत सगळे शब्द सांगितलेत.

मला ते ओळखायला क्षणही लागला नाही, कारण मी ते आधी पाहिलं होतं. मी नऊ वर्षांची आहे आणि तुम्ही नोकरी करता त्या कृषी विद्यापीठाच्या शेतात तुमच्या मागे चालते आहे. कपाशीच्या संकराचं काम चालू आहे, बाया वाकून एकेका फुलाला दोरा बांधताहेत. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी तुम्ही एकेक वस्तू ठेवली आहे: फुटकी बशी, चमचा, बाटलीचं झाकण. साहेब विचारतात, पाट्या असताना हा पसारा कशाला. "साहेब, पाटीवरचं अक्षर पान्यानं धुतल्या जाते. बशी नाही जात." मी तो चमचा उचलून खेळायला घेते, आणि तुम्ही माझा कान असा धरता की डोळ्यांत पाणी येतं. "तुनं चमचा नाही उचलला. अख्खी ओळ मिटवली." तुमच्या ओळी एकदाही एकमेकांत मिसळल्या नाहीत, हे तुम्ही निवृत्त झालात तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं होतं.

तर टीव्हीवरची दोरी मी पाहिली आणि वहीत पाच लिहिलं. पुढच्या रविवारीही लिहिलं. तुम्हालाही माझा संशय आलाच होता. एकदा तुम्ही कप खाली ठेवलात आणि विचारलंत, "तू मले तपासून राहिली काय?"

"नाही बाबा. सहज."

"सहज? मंग वही कायले आनते?" मी वही पिशवीत सरकवली. तुम्ही भिंतीकडे पाहत म्हणालात, "मी अमरावतीले येत नाही, सांगून ठेवतो. तुह्या घरच्या खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते."

आता मला वाटतं ते सांगते, आणि त्यावर विश्वास ठेवू नका. मला आठवतं, की त्या वस्तूंवरून नजर फिरवताना तुम्ही हसत होता. मला चकवल्याची गंमत तुमच्या चेहऱ्यावर होती, आणि ते हसू आठवलं की मला बरं वाटतं. म्हणूनच मला त्याचा संशय येतो. वय वाढलं की माणूस गोड ते जपतो आणि कडू ते हळूहळू सोडून देतो, हे मी इतकी वर्षं इतरांच्या घरी पाहिलं आहे, आणि मी आता साठीला आले आहे. मागच्या आठवड्यात मी ती जुनी वही काढली. त्या तिसऱ्या रविवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: कपाळावर घाम, दोनदा माझ्याकडे चोरून पाहिलं. हसण्याचा उल्लेख कुठेच नाही. तुम्ही घाबरला होता, बाबा. पकडले गेलो तर घर सुटेल म्हणून घाबरला होता, आणि तुम्हाला भीती माझी होती. हसू मी नंतर कधीतरी तिथे ठेवलं.

मे महिन्यात, भर दुपारी, तुम्ही संकराचं काम पाहायला म्हणून घरातून निघालात. काकूंनी अडवलं, तर "बाया खोळंबल्या असतीन" म्हणालात. मे महिन्यात शेतात कपाशी नसते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? एका ऑटोवाल्याला तुम्ही विद्यापीठाच्या रस्त्याच्या कडेला पडलेले सापडलात. दवाखान्यात दोन दिवस काढलेत, मला ओळखलं नाहीत आणि तसेच गेलात. दादा येताच त्याने पहिलं वाक्य हे म्हटलं: "अगं, चार दिवसांपूर्वी तर पाचपैकी पाच होते ना?" मी म्हटलं, हो, असं अचानक होतं कधीकधी. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण या विषयातलं मला कळतं.

पुढे दादाला मी एवढंच सांगितलं, की म्हाताऱ्याने घरभर वस्तू मांडून आपल्याला फसवलं. तो ते कौतुकाने चारचौघांत सांगतो. पण शेवटच्या रविवारी तुम्ही मला फसवलं नाहीत. वस्तू मांडून झाल्या होत्या, पण मांडल्यात कशासाठी हेच तुमच्या डोक्यातून गेलं होतं. तुम्ही चार शब्द कसेबसे सांगितलेत आणि थांबलात. मी वाट पाहिली. आईच्या शिलाई मशीनवर तुम्हीच ठेवलेली कात्री होती, आणि तुम्ही तिच्याकडे पाहत नव्हता. तेव्हा मी मान वळवून मशीनकडे पाहिलं, तुम्हाला दिसेल इतका वेळ पाहिलं. तुम्ही माझ्या नजरेमागे गेलात आणि म्हणालात, "कात्री." मी पाच लिहिलं. चार लिहिले असते तर त्याच संध्याकाळी तुम्हाला सोबत आणावं लागलं असतं, आणि तुम्ही मला घरात नको होता.