नहाणीच्या दाराचा फोटो

२ फेब्रुवारी, रविवार

आमच्या रेश्माला बघायला गोखिवऱ्याहून मंडळी आली. मुलगा नीलेश, त्याची आई, एक काका. मुलगा बरा वाटला, फार बोलत नाही. पोहे झाले, चहा टाकला होता, तेवढ्यात सर्व्हेवाली मुलगी टॅब घेऊन दारात. रविवारी माणसं घरी सापडतात म्हणे. सगळ्यांसमोर मोठ्याने, "काकी, घरात संडास आहे का?"

नीलेशच्या आईने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आहे.

"फोटो लागेल."

मागे नेलं आणि नहाणीचं निळं दार दाखवलं. दार लावलेलं होतं, तिने उघडायलाही सांगितलं नाही. फोटो काढला, गेली. आत नुसता दगड आणि पाण्याचं पिंप. मी असं का केलं, माझं मलाच कळत नाहीये.

५ फेब्रुवारी, बुधवार

पसंती आली! नीलेशच्या आईचा स्वतःचा फोन. २३ ला बायका घेऊन येणार, साखरपुड्याचं ठरवायला. आनंदात मासळीबाजारात एकीला मांदेली द्यायची तर बोंबील दिले. रेश्मा नुसती हसतेय. ह्यांना फोन लागला नाही, बोट अजून बाहेर आहे.

१२ फेब्रु., बुध

गल्लीच्या टोकाला सरकारी योजनेची यादी लागली. घरोघरी संडास बांधून मिळणार, भांडं, नळ, टाकी सगळं. किनाऱ्यावरचा जुना सार्वजनिक मार्चमध्ये पाडणार. बरंच आहे, सहांपैकी तीन दारांनाच कडी उरलीय. गल्लीत घरं अकरा. यादीत नावं दहा.

जाऊबाई कुंदाताई ओरडतच आल्या, "अगो, तुझं नाव नाय! तुज्याकडं हाय म्हनून लिवलंय."

सगळी गल्ली हसली. मीपण हसले. घरी आल्यावर डोक्यात आलं, जुना पाडला की आम्ही तिघांनी जायचं कुठे? दुसऱ्याच्या दारात, रोज?

१३ फेब्रु., गुरु

योजनेच्या कचेरीत गेले. कारकुनाने कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. निळं दार, त्यावर हात ठेवून मी.

"हे काय आहे मग?"

"नहाणी."

"मग तुम्ही हसताय कशाला?"

खरंच हसतेय मी त्यात. फोटो काढतात म्हटल्यावर हसले असेन.

तो म्हणाला, आधीची माहिती खोटी होती असा अर्ज द्या. मग तुमच्या नावाचा कागद यादीशेजारी लागेल, कोणाची हरकत नसेल तर माणूस तपासायला येईल. मुदत २७ पर्यंत.

म्हणजे आज अर्ज दिला तर २३ ला गोखिवऱ्याच्या बायका गल्लीत शिरताना आधी तो कागद वाचणार. अर्ज न देताच परत आले.

१५ फेब्रु., शनि

हे आले. सगळं ऐकून आधी म्हणाले, "तू बोललीस, तूच निस्तर." जेवल्यावर म्हणाले, "गप ऱ्हा. लगीन होऊं दे, मंग सांगू." झोपून उठल्यावर म्हणाले, अर्ज देऊन टाक. एकाच दुपारी तीन मतं. मला चौथं सुचत नाहीये. कुंदाताई म्हणतात, त्या दिवशी कोणाला जायची वेळच येऊ देऊ नको, चहा अर्धाच कप दे!

१८ फेब्रु., मंगळ

रे. विरारच्या लॅबमध्ये कामाला आहे. आज भांडी घासताना म्हणाली, "आई, सुट्टीच्या दिवशी मी पाणीच पीत नाही, तुला माहितेय ना?" माहीत आहे. गेल्या वर्षी लघवीला जळजळ झाली तेव्हा डॉक्टरही त्यावरून ओरडले होते. मी तेव्हा उष्णता म्हणून सबजा देत बसले.

मग म्हणाली, "लग्न मोडेल म्हणून तू गप्प. नाही मोडलं तर मी जाईन, तिकडे सगळं आहे. इथे तू कुठे जाशील?"

राग आला. तिचा की माझा…

२१ फेब्रु., शुक्र

रे.ने अर्ज लिहून ठेवला, माझी सही तेवढी बाकी. सकाळी वाटतं करावी, संध्याकाळी वाटतं वेड लागलंय का? हे परत बोटीवर. तेवढे ते सुटले.

२३ फेब्रुवारी, रविवार

आठ बायका आल्या. चहा अर्धा कप दिला, खरंच. तरी व्हायचं ते झालंच. नीलेशची आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "जरा जाऊन यायचं होतं."

मागे नेलं. निळ्या दारापाशी उभी राहिले. आता काय, उघडून दगड दाखवू? म्हटलं, "आत नुसती नहाणी आहे. संडास नाहीये आमच्याकडे. त्या दिवशी खोटं बोलले मी."

ती दाराकडे बघत राहिली. "मग?"

"किनाऱ्यावर आहे. रांग असते."

बादली घेऊन मी पुढे, नवी साडी वर धरून ती मागे. रांगेत चौघीजणी होत्या. आमच्याकडे पाहुणीला पुढे सोडतात आणि ती बाहेर येईपर्यंत सगळ्या समुद्राकडे तोंड करून उभ्या राहतात, तशा राहिल्या. नेमकं कडी नसलेलं दार मिळालं. मी बाहेरून धरून ठेवलं. लाजेने मेल्यासारखं झालं होतं, आणि हलकंही वाटत होतं. हे दोन्ही एकदम कसं वाटतं?

बाहेर आली. हातावर पाणी घातलं.

"रेश्मापण इथेच येते?"

"हो."

घरी येऊन नीट बसली, सगळ्यांशी बोलली. साखरपुड्याचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. निघताना म्हणाली, "कळवतो."

पहिल्या खेपेलाही हेच म्हणाली होती. तेव्हा चेहरा कसा होता ते आठवून बघतेय.

२५ फेब्रु., मंगळ

फोन नाही. रे.लाही नीलेशचा मेसेज नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आई, सारखं विचारू नकोस." जुन्या संडासाच्या भिंतीवर आज चुन्याने फुल्या मारून गेले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मुदतीचा शेवटचा दिवस. कचेरीत आलो, रे. रजा घेऊन सोबत. अर्ज चालला नाही, छापील फॉर्म दिला. त्यात चुकीची माहिती का दिली याला तीन चौकटी: नजरचुकीने, गैरसमजातून, लाभासाठी. मी म्हटलं, लाजेने. कारकून म्हणाला, "तसं यात नाही, बाई. नजरचुकीने करा आणि सुटा."

नजरचूक नव्हती. गैरसमज तर नव्हताच, दार मीच दाखवलं. पेन धरून किती वेळ उभी होते. मागे रांग. शेवटी 'लाभासाठी'वर खूण केली. मुलीच्या लग्नासाठीच बोलले होते ना?

कारकुनाने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, याने नाव कायमचं जाऊ शकतं. बदला."

"असू दे," म्हटलं. पुन्हा खोटी खूण करायला हात धजला नाही. पावती घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच पाय अडला. रे.ने काय घोडं मारलंय? ह्यांनी? परत आत गेले तर खिडकी बंद, जेवणाची सुट्टी.

बाहेर बाकावर बसून हे लिहितेय, वही पिशवीतच होती. रे. म्हणते, "राहू दे तसंच." मी म्हणते बदलू. पाच मिनिटांनी ती म्हणते, बदलू या, तर मी म्हणते राहू दे. गोखिवऱ्याहून अजून काही नाही. खिडकी दोन वाजता उघडेल.